किकर-पंटरवर ड्राफ्टचा पिक खर्च करावा का? (एका पोळलेल्या बक्स-चाहत्याची कैफियत)

टांपाकर

मंडळी, एप्रिल आला की आमच्या घरात दोनच विषय: टॅक्स आणि ड्राफ्ट. टॅक्सचं बायको बघते. ड्राफ्टचं मी बघतो आणि दरवर्षी स्वतःचं रक्त आटवून घेतो.

अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी आधी थोडी तोंडओळख. एनएफएलमध्ये ३२ संघ. दर एप्रिलमध्ये कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं सात राऊंडांत निवडली जातात, एकूण अडीचशेच्या आसपास. अशी एक निवड म्हणजे एक 'पिक'. बोली वगैरे काही नाही, आदल्या मोसमात जो तळाला त्याचा नंबर पहिला. ज्याला कोणीच घेतलं नाही तो 'अनड्राफ्टेड', म्हणजे आयपीएलच्या भाषेत अनसोल्ड. फक्त इथे ड्राफ्ट संपल्या संपल्या त्याचा फोन वाजायला लागतो आणि तो हव्या त्या संघाशी सही करू शकतो.

किकर म्हणजे गोलपोस्टमधून बॉल मारून तीन गुण (फील्ड गोल) किंवा टचडाउननंतरचा (बॉल समोरच्याच्या गोलरेषेपार नेल्यावरचा) एक जादा गुण मिळवणारा. आपल्या संघाला पुढे सरकता येईना झालं की बॉल लाथेने लांब समोरच्याच्या हद्दीत धाडतो तो पंटर. ५३ जणांच्या संघात या दोघांना प्रत्येकी एकच खुर्ची.

आता माझं दुखणं ऐका. २०१६ मध्ये आमच्या टांपा बे बकेनिअर्सनी (तेच बक्स) रॉबर्टो अग्वायो नावाच्या किकरला दुसऱ्या राऊंडमध्ये घेतलं, ५९वा पिक. नुसतं घेतलं नाही, त्याच्यासाठी तिसऱ्या आणि चौथ्या राऊंडचे पिक देऊन वर चढले! पोरगा कॉलेजात ४० यार्डांच्या आतली एकही किक चुकला नव्हता. आमच्याकडे आला आणि ३१ पैकी २२. दुसऱ्या मोसमाच्या सराव सामन्यांतच नारळ दिला.

२०१९ मध्ये पुन्हा हौस आली. या वेळी मॅट गे, पाचवा राऊंड. ३५ पैकी २७. म्हटलं, ठीक आहे, नवखा आहे, सुधारेल. पुढच्या वर्षी त्यालाही घालवला आणि रायन सकॉपला आणला. हा सकॉप कोण? २००९च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २५६वा माणूस. त्या शेवटच्या नंबराला इथे 'मिस्टर इर्रेलेव्हंट' म्हणतात. या बिनमहत्त्वाच्या माणसाबरोबर आम्ही त्याच मोसमात सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकलो.

गोष्ट इथे संपली असती तर हा धागा निघाला नसता. जानेवारी २०२२, आमच्याच मैदानावर रॅम्सविरुद्ध प्लेऑफ. ३-२७ अशा खड्ड्यातून आमच्या क्वार्टरबॅकने (डावाचा सूत्रधार), टॉम ब्रेडीने, २७-२७ करून दिलं, आणि शेवटच्या क्षणी रॅम्सच्या किकरने ३० यार्डांवरून आम्हाला घरी पाठवलं. किकरचं नाव मॅट गे. महिन्याभरात त्याच्या बोटात सुपर बोलची अंगठी.

तर प्रश्न असा: किकर-पंटरवर पिक घालवावाच का? माझं मत: पाचव्याच्या आधी अजिबात नको, त्यानंतर जरूर घ्या, पण घेतलात तर निदान दोन वर्षं तोंड बंद ठेवून त्याला खेळवा. कलम एकाने लावायचं आणि आंबे शेजाऱ्याने खायचे, हे किती दिवस चालायचं?

गिरगावचा_गोट्या

पयला!

बाकी धाग्याचं नाव वाचून दचकलो. आमच्याकडे पंटर म्हणजे भाईच्या मागेमागे फिरणारे. त्यांचाही ड्राफ्ट होतो का? कितव्या राऊंडला जातात?

टांपाकर

गोट्या, ते सगळे अनड्राफ्टेड असतात रे.

पावसाळी_सिअॅटल

मस्त धागा. पण पाचव्याच्या आधी 'अजिबात नको' हे फार झालं. रेडर्सनी १९७३ मध्ये रे गाय या पंटरला पहिल्या राऊंडमध्ये उचललं, तो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. २००० मध्ये याच रेडर्सनी सबॅस्टियन यानिकॉव्स्कीला १७व्या नंबरवर घेतलं तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. तो २०१६पर्यंत त्यांच्यासाठीच बॉल मारत होता. सतरा वर्षं! पहिल्या राऊंडचे किती जण एका संघात सतरा वर्षं टिकतात?

आकडेमोड

@पावसाळी_सिअॅटल, तुझ्याच उदाहरणातली अर्धी गोष्ट सोडलीस. त्याच २०००च्या ड्राफ्टमध्ये रेडर्सनी पाचव्या राऊंडमध्ये शेन लेक्लर घेतला. पंटर म्हणून तोही त्यांच्याकडे २०१२पर्यंत होता आणि त्याच्या पिढीतला सर्वोत्तम म्हणून गणला गेला. म्हणजे एकाच दुकानातून, एकाच वर्षी, एक वस्तू सोन्याच्या भावात आणि दुसरी भाजीच्या भावात, आणि टिकल्या दोन्ही. मग सोन्याचा भाव का द्यायचा?

शिवाय पहिल्या राऊंडचे फसलेलेही आहेतच. १९७८ मध्ये सेंट्सनी रसेल अर्क्सलेबनला ११व्या नंबरवर घेतलं आणि त्याच वर्षी कार्डिनल्सनी स्टीव्ह लिटलला १५व्या. दोघांचंही पुढे काही जमलं नाही.

आता टांपाकरांच्या 'दोन वर्षं थांबा'बद्दल. ऐकायला छान आहे, पण इथेच किकरचं त्रांगडं आहे. सहाव्या राऊंडचा लाइनबॅकर घेतला तर तो बाकावर बसून शिकतो, स्पेशल टीम्समध्ये पळतो, चुकला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. किकरला बाकच नाही! एकच खुर्ची. तो शिकतोय म्हणजे रविवारी सत्तर हजार लोकांसमोर शिकतोय, आणि त्याची प्रत्येक चूक थेट धावफलकावर. तीन किका चुकल्या की दोन सामने गेले. सतरा सामन्यांच्या मोसमात दोन सामने म्हणजे प्लेऑफ गेला, कोचची नोकरी गेली. कोच कशाला थांबेल?

बरं, त्याला प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये (५३ जणांबाहेरच्या सरावाच्या तुकडीत) झाकून ठेवावं, तर तिथून दुसरा कोणीही उचलू शकतो. हॅरिसन बटकर आठवा. २०१७, सातवा राऊंड, २३३वा पिक, संघ कॅरोलायना. त्यांच्याकडे ग्रॅहम गॅनो होता म्हणून याला प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये ठेवला. कॅन्सस सिटी चीफ्सचा किकर जखमी झाला, त्यांनी सप्टेंबरातच उचलून नेला. फेब्रुवारी २०२३च्या सुपर बोलमध्ये आठ सेकंद उरले असताना जिंकून देणारी किक त्याचीच.

टांपाकर

आकडेमोड, अहो तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय! कलम कॅरोलायनाचं, आंबे कॅन्ससला.

आकडेमोड

नाही. मी म्हणतोय की आंबे बाजारात विकत मिळतात, कलम लावायची गरजच नाही. किकर अॅडम व्हिनातिएरी अनड्राफ्टेड. लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त गुण, २६७३, त्याच्या नावावर. जस्टिन टकर अनड्राफ्टेड. २०१२चा ड्राफ्ट काढून बघा: जॅक्सनव्हिलने तिसऱ्या राऊंडमध्ये, ७०व्या नंबरवर, ब्रायन अँगर हा पंटर घेतला. पाच नंबरांनंतर सिअॅटलने क्वार्टरबॅक रसेल विल्सन घेतला. अँगर वाईट नव्हता हो, पुढे डॅलसकडून प्रो बोललाही (लीगच्या ऑल-स्टार निवडीत) गेला. पण त्याच वर्षी कोणीच न घेतलेल्यांच्या ढिगात दोन माणसं पडून होती: किकर टकर आणि पंटर जॉनी हेकर. त्यानंतरच्या दहा वर्षांतले बहुधा सर्वोत्तम किकर आणि पंटर. फुकट!

बाणेरचा_बंड्या

पहाटे उठून रेडझोन बघणारा पुण्यातला मी एकटाच आहे असं वाटत होतं, इथे तर जत्राच भरलीय :)

काउबॉइजचा चाहता असल्यामुळे ब्रँडन ऑब्रीचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. कॉलेजात सॉकर खेळला. आपल्या नव्हे, सॉकरच्या ड्राफ्टमध्ये टोरंटोने पहिल्या राऊंडमध्ये घेतला. तिथे जमलं नाही, मग सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून नोकरी. मग यूएसएफएल या दुसऱ्या, छोट्या लीगमध्ये बर्मिंगहॅमकडून लाथा मारल्या. २०२३ मध्ये डॅलसने घेतला तर पहिल्या ३५ फील्ड गोल सलग आत. हिंजवडीत आमच्या मजल्यावर चारशे सॉफ्टवेअर इंजिनिअर आहेत, एकालाही कागदाचा बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकता येत नाही.

नाना_सांगलीकर

सर्वांना नमस्कार. मी हा खेळ उतारवयात शिकलो. लेक मिलवॉकीला असतो, वर्षातले काही महिने आम्ही दोघं तिकडे. त्यामुळे पर्यायच नाही, पॅकर्स.

आमच्याकडे तालमीत वस्ताद पोरगं पारखून घेतो. पण एकदा घेतलं की पहिल्या मैदानात चितपट झालं म्हणून कोणी त्याची लंगोट काढून घेत नाही. मला वाटतं टांपाकरांना हेच म्हणायचं आहे. आकडेमोड म्हणतात कोच थांबू शकत नाही. थांबू शकतो. मेसन क्रॉसबी, २००७, सहावा राऊंड, १९३वा. पाच वर्षं बरी गेली आणि २०१२ मध्ये पोराचं काय झालं कोण जाणे, ३३ पैकी २१. आमचा लेक टीव्हीसमोर उभा राहून ओरडायचा. पॅकर्सनी त्याला काढला नाही. २०१८ मध्ये डेट्रॉइटला एकाच सामन्यात चार फील्ड गोल आणि एक जादा गुण हुकला, तरीही काढला नाही. २०२२पर्यंत, सोळा मोसम, एकच किकर. मधल्या काळात बाकीच्यांनी किती बदलले ते आकडेमोड सांगतील.

आणि त्याच पॅकर्सचं पुढचं पण सांगतो, लपवत नाही. २०२३ला सहाव्या राऊंडमध्ये अँडर्स कार्लसन घेतला. जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोला प्लेऑफमध्ये ४१ यार्डांची हुकली, तीन गुणांनी हरलो, पुढच्या ऑगस्टला पोरगा घरी. त्याचा थोरला भाऊ डॅनिएल. त्याला मिनेसोटाने २०१८ मध्ये पाचव्या राऊंडला घेतला आणि दुसऱ्याच सामन्यानंतर काढला, तीन चुकवल्या म्हणून. तो सामना आमच्याशीच होता, २९-२९ बरोबरी. डॅनिएल रेडर्सकडे गेला आणि वर्षानुवर्षं राहिला. एका घरातले दोन भाऊ, दोघांना घेणाऱ्यांनीच घालवलं.

पावसाळी_सिअॅटल

नाना __/\__ लंगोटीचं पटलं.

आकडेमोड

नाना, तुमच्याशी वाद घालायला जीव होत नाही, पण एक विचारतो. क्रॉसबी २०१२ मध्ये चुकला तेव्हा त्याच्या खात्यात पाच वर्षांची पुंजी जमा होती. नवख्याकडे पुंजी नसते. कोचने कशाच्या भरवशावर थांबायचं? घेतला कितव्या राऊंडला, एवढंच कोचच्या हातात असतं, आणि तेच घातक आहे. पिक जितका वरचा तितका त्याला फार वेळ ठेवतात, किंवा उलट, मालकाच्या डोळ्यांत तितका जास्त खुपतो. जेक मूडीला फोर्टीनाइनर्सनी २०२३ मध्ये ९९व्या नंबरवर घेतलं. सुपर बोलमध्ये ५५ यार्डांची मारली, तो तेव्हा विक्रम होता (त्याच सामन्यात बटकरने ५७ची मारून मोडला), पण त्याचीच एक जादा गुणाची किक अडवली गेली आणि सामना गेला ओव्हरटाइममध्ये. २०२५च्या पहिल्या सामन्यानंतर काढून टाकला.

आणि सगळ्यात भारी प्रकार न्यू इंग्लंड पेट्रिअट्सचा. निक फोक व्यवस्थित मारत होता. चौथ्या राऊंडमध्ये चॅड रायलंड घेतला म्हणून फोकला टेनेसीला देऊन टाकलं. त्या मोसमात रायलंड २५ पैकी १६. फोक ३० पैकी २९.

टांपाकर

फोकचं नाव काढू नका. २०१७ मध्ये अग्वायोच्या जागी आम्ही आणला होता तो हाच. पेट्रिअट्सविरुद्ध एकाच सामन्यात तीन चुकवल्या, आम्ही पाच गुणांनी हरलो. आम्ही काढला, आणि दोन वर्षांनी त्याच पेट्रिअट्सकडे जाऊन सुतासारखा सरळ मारायला लागला. आमच्या गावच्या पाण्यातच काहीतरी आहे.

जर्सीवाली_आई

रोमात (नुसती वाचत) असते मी, पण आज राहवलं नाही. माझा मुलगा हायस्कूलच्या टीमचा किकर आहे. सॉकर खेळायचा, दोन वर्षांपूर्वी फुटबॉलच्या कोचने मैदानावरून हाक मारून विचारलं, "हा बॉल मारून बघतोस का?" तेव्हापासून आमची शुक्रवारची संध्याकाळ गेली.

तुम्ही सगळे एकट्या किकरचे आकडे लावताय, म्हणून सांगते. बॉल मागे फेकणारा लाँग स्नॅपर वेगळा, तो पकडून टेकवणारा होल्डर वेगळा. फेकल्यापासून लाथ बसेपर्यंत सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ. एनएफएलमध्ये होल्डर बहुतेक ठिकाणी पंटरच असतो. म्हणजे संघाने पंटर बदलला की किकरच्या हाताखालचा, खरं तर पायाखालचा, माणूस बदलला. बॉलची शिवण गोलपोस्टकडे न वळवता किकरच्या तोंडावर ठेवली तरी माझा मुलगा घरी येऊन दोन दिवस धुसफुसतो.

दुसरं, कॉलेजात टचडाउननंतरची किक २० यार्डांची असते, एनएफएलमध्ये २०१५ पासून ३३. अंतर मोजताना बॉल जिथे आहे त्यात १७ मिळवायचे, दहा एंड झोनचे (गोलरेषेमागच्या पट्ट्याचे) आणि सात मागे सरकण्याचे. कॉलेजातले आकडे बघून पोरांना पारखणं म्हणजे घरच्या ओट्यावर पोळ्या छान करते म्हणून लग्नाच्या पंगतीचं कंत्राट देणं.

आणि सरावाला बाकीची पंचेचाळीस पोरं एकत्र घाम गाळतात, हा आणि स्नॅपर कोपऱ्यात. डबा खायलासुद्धा दोघंच. गेल्या ऑक्टोबरात याची २९ यार्डांची हुकली, आम्ही दोन गुणांनी हरलो. गाडीत घरापर्यंत एक शब्द नाही.

बाणेरचा_बंड्या

ताई, मस्त पोस्ट. पोळ्यांची उपमा घरी वाचून दाखवली, त्याबद्दल आज माझा डबा बंद आहे.

पावसाळी_सिअॅटल

ताईंनी पंटरचा विषय काढला ते बरं झालं. सगळे किकरवरच तुटून पडलेत.

मला वाटतं पंटरसाठी पाचव्या-सहाव्या राऊंडचा पिक द्यायलाच हवा. आमचा मायकल डिक्सन बघा. ऑस्ट्रेलियन. २०१८, पाचवा राऊंड, १४९वा, आणि सिअॅटलने त्याच्यासाठी सातव्या राऊंडचा पिक घालून वरचा नंबर मिळवला. पहिल्याच वर्षी ऑल-प्रो (मोसमातल्या सर्वोत्तमांच्या संघात). ही ऑस्ट्रेलियन पोरं त्यांच्या तिकडच्या फुटबॉलमध्ये पळतापळता दोन्ही पायांनी बॉल मारत मोठी झालेली, त्यामुळे बॉल कसाही आला तरी गडबडत नाहीत. मेलबर्नला तर खास यासाठी शिकवणारी प्रोकिक नावाची संस्थाच आहे. २०२१ मध्ये रॅम्सविरुद्ध डिक्सनची पंट अडवली गेली, पठ्ठ्याने धावत जाऊन बॉल उचलला आणि पळतापळता पुन्हा मारली. ६८ यार्ड! तो व्हिडिओ शोधून बघाच.

पंटरला शिकायला वेळ देता येतो, आकडेमोडचा 'कोच थांबू शकत नाही' हा मुद्दा त्याला लागू नाही. त्याची एक पंट वाकडी गेली तर दहा यार्डांचं नुकसान, सामना जात नाही. २०२४ मध्ये बेअर्सनी टोरी टेलर चौथ्या राऊंडमध्ये घेतला, तोही मेलबर्नचा. ते जरा महाग झालं, हे मान्य.

आकडेमोड

पंटरबाबत थोडा सरकतो. तरी रायन स्टोनहाउस विसरू नका: २०२२ला अनड्राफ्टेड, टेनेसी, पहिल्याच मोसमात सरासरी ५३.१ यार्ड. सॅमी बॉचा १९४० सालचा ५१.४चा विक्रम मोडला. त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या राऊंडमध्ये पंटर गेले होते. पण तेवढ्यावर जाऊ नये हेही खरं, कारण नुसती लांब मारली आणि पाठीमागे आपली माणसं पोचायच्या आत समोरच्याने पकडली तर तो पळत परत येतो. बॉल हवेत किती वेळ राहतो ते बघायचं.

झोपाळू

तीन दिवस वाचतोय. एक बाळबोध शंका. जर किकर नंतर फुकट मिळतातच, तर सहाव्या-सातव्या राऊंडलाही का घेतात?

टांपाकर

@झोपाळू, बाळबोध नाही, धाग्याचा गाभाच विचारलास. ड्राफ्ट संपल्यावर फोनाफोनी सुरू होते तेव्हा किकर आपल्या सोयीने संघ निवडतो. जिथे खुर्ची रिकामी तिथे जातो. तुमच्याकडे आधीच कोणी बसलेला असेल तर तो फोन उचलणार नाही. सहाव्या राऊंडला नाव पुकारलं की तो तुमचा, चार वर्षांचा करार, तोही जवळपास किमान पगारावर. बटकरला २०२४ मध्ये चीफ्सनी चार वर्षांचे २.५६ कोटी डॉलर दिले, त्यापुढे हे चणेफुटाणे. आणि सहाव्या राऊंडचे इतर कितीसे लोक संघात टिकतात? म्हणजे पिक घालवला म्हणजे फार काही घालवलं असंही नाही.

आकडेमोड

हे मान्य. २०२४चा सहावा राऊंड घ्या. दहा नंबरांच्या आत तीन किकर गेले: रायकर्ड २०३, कार्टी २०९, लिटल २१२. कार्टीने पुढच्याच मोसमात रॅम्समधली जागा गमावली, एका अनड्राफ्टेडला. कॅम लिटलने नोव्हेंबर २०२५ मध्ये ६८ यार्डांची मारून लीगचा विक्रम केला. त्या भावात हा जुगार मीही खेळेन. रेव्हन्सनीसुद्धा, ज्यांनी आजवर कधीच किकर ड्राफ्ट केला नव्हता, २०२५ला टायलर लूप सहाव्यातच घेतला. तिसऱ्या-चौथ्याला मात्र माझा कायमचा नकार.

हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

गिरगावचा_गोट्या

डिक्सनचा व्हिडिओ ऑफिसात बघितला. आता मीटिंगमध्ये बॉसने माझी आयडिया उडवली की मी पळत जाऊन उचलतो आणि पुन्हा मारतो.

नाना_सांगलीकर

जर्सीच्या ताई, तुमच्या पोराचं पुढे काय झालं ते राहिलं. २९ यार्डांची हुकल्यावर कोच काय म्हणाला?

जर्सीवाली_आई

नाना, काही म्हणालाच नाही. पुढच्या शुक्रवारी तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३४ यार्डांवर आलो. मला वाटलं आता पुढे खेळतील, किक नको म्हणतील. कोचने वळूनही न बघता मागे बोट केलं, आणि हा हेल्मेट चढवत मैदानात. डाव्या खांबाला घासून आत गेली. मी डोळे मिटले होते, शेजारच्या बाईंनी सांगितलं.

सध्या मोसम नाही म्हणून सराव गॅरेजच्या दारावर चालू आहे. दार बदलायला किती खर्च येतो, कोणाला अंदाज आहे का?